आईचे पाय आणि खरा पुरुष

आमच्या घराच्या एका भिंतीला चर्चचं आवार लागून होतं आणि दुसऱ्या भिंतीला तालीम. त्यामुळे पुरुषाने कसं असावं याविषयी आमच्या घरात दोन्ही बाजूंनी आवाज यायचे. पहाटे उठलं की आधी शड्डू ऐकू यायचे, मग जोर काढणाऱ्यांचे हुंकार, मग वस्तादांची शिवी. रविवारी दुसऱ्या बाजूने पेटी-तबल्यावर गीतं सुरू व्हायची, तरी शड्डू काही थांबायचे नाहीत. पाळकांनी डोळे मिटून शांतीसाठी प्रार्थना करायला घेतली की नेमका कुणीतरी पलीकडे मांडीवर सणसणीत थाप मारायचा. मोठ्या माणसांना त्याचं काही वाटत नसे. मला तर कितीतरी वर्षं ‘आमेन’नंतर शड्डू ही उपासनेतलीच एक पद्धत आहे असं वाटायचं. पुढे मिरजेला नर्सिंग शिकायला गेले तेव्हा तिथल्या चर्चमध्ये ‘आमेन’नंतर सगळं शांत राहिलं, आणि मला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटलं.

माझे वडील, आप्पा, या दोन्ही भिंतींचे होते. चर्चमध्ये ते शमुवेल आणि तालमीत शामू. ऑइल इंजिनच्या एका कारखान्यात ते लेथवर काम करायचे, पण त्यांना विचारलं तर ते आधी पैलवान सांगायचे आणि मग टर्नर. आमच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा घरातल्या बऱ्याच गोष्टी सुटल्या, तालीम मात्र सुटली नाही. कोल्हापुरात राहून ती सुटणार तरी कशी! तालमीत मारुती होता, त्याचा प्रश्न बाबू वस्तादांनी फार पूर्वीच सोडवून टाकला होता. ते आप्पांना म्हणाले होते, “तू मातीच्या पाया पड. मारुतीला मी सांगतो.” तेव्हापासून आप्पा हौद्यातली चिमूटभर तांबडी माती कपाळाला लावून उतरायचे आणि मारुतीची आणि त्यांची कधी कुरबूर झाली नाही. अंगाने ते दार भरून उभे राहायचे. मिशा अशा की चहा पिताना त्या आधी दोन्ही हातांनी बाजूला कराव्या लागत. संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीखाली धरलेलं फेसाळ दूध ते उभ्या-उभ्या पिऊन यायचे आणि तो फेस मिशीला तसाच ठेवून घरी यायचे, म्हणजे गल्लीला कळावं.

अशा या माणसाची आयुष्यात एकच इच्छा बाकी होती. त्यांना मंडळीचा पंच व्हायचं होतं. पंच म्हणजे चर्चचा कारभार बघणारे मोजके वडीलधारे पुरुष. प्रभुभोजनाच्या दिवशी पांढरा लांब कोट घालून भाकरीचं ताट ओळीओळीने फिरवण्याचा मान त्यांचा. आप्पांनी तो कोट आधीच शिवून घेतला होता. शिंप्याला छातीचं माप घेताना टेप अपुरी पडली होती, हे आप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. कोट खुंटीवर टांगलेला असायचा आणि सोनाआत्या, म्हणजे आप्पांची विधवा बहीण, ती आमच्याकडेच राहायची, दर शनिवारी तो झटकून पुन्हा टांगायची. “घाल की एकदा तरी,” ती म्हणायची. “कसर लागंल.” आप्पा म्हणायचे, “देवानं बोलावल्याबिगर न्हाय.” आजोबा बाटले म्हणून भावकीने तोंड फिरवलेलं, आणि चर्चमधले शिकलेले लोक आप्पांकडे पैलवान म्हणून जरा वरूनच बघायचे. त्या ताटामागे काय होतं ते मला आता कळतं. आपणही कुठेतरी पूर्ण आतले आहोत असं त्यांना एकदा सगळ्यांसमोर दिसायला हवं होतं.

आणि मग एक म्हातारे पंच वारले, जागा रिकामी झाली, आणि त्याच सुमाराला नगरकडून नवे पाळकसाहेब आले.

पाळकसाहेब तरुण, गोरे, बारीक आणि गुळगुळीत दाढीचे. कोल्हापूर बघून ते पहिल्याच आठवड्यात घाबरले असावेत. इथले पुरुष मोठ्याने बोलतात, हे त्यांना समजलं. पण आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. आई त्यांना पहिल्यांदा म्हणाली, “बसा, च्या टाकतो,” तेव्हा ते दचकून आप्पांकडे बघायला लागले, चहा आप्पा करणार की काय म्हणून. एका महिन्यात त्यांचं मत झालं की इथल्या मंडळीला सगळ्यात आधी पुरुष म्हणजे काय हे शिकवायला हवं. त्यांनी प्रवचनांची माळच लावली. विषय, ‘खरा पुरुष कोण?’

“बंधूंनो,” ते म्हणायचे, “दंडात बळ आहे तो पुरुष नव्हे.” पलीकडून शड्डू. “ज्याचा आवाज मोठा तो पुरुष नव्हे.” पलीकडून वस्तादांची शिवी. “प्रभू सर्वसमर्थ होता, तरी कमरेला रुमाल गुंडाळून तो शिष्यांच्या पायांशी बसला. जो वाकतो तो पुरुष!” हे सगळं खरंच होतं आणि ते चांगलं बोलायचे. पण मग त्यांना वाटलं की नुसतं बोलून भागणार नाही. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की मंडळीतल्या प्रत्येक विवाहित पुरुषाने आपल्या पत्नीचे पाय स्वतःच्या हाताने धुवावेत. आणि पंचाची रिकामी जागा ज्याला हवी असेल त्याने तर ते धुतलेच पाहिजेत, पुढच्या महिनाअखेरच्या रविवारी त्याला सर्वांसमक्ष विचारलं जाईल.

चर्चमध्ये इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी शड्डूसुद्धा वाजला नाही.

आता वाचणाऱ्यांना यात विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे चुकून नवऱ्याला बाईचा पाय लागला तर ती हात लावून नमस्कार करायची. मग ती ख्रिस्ती असो की आणखी कुणी. बायका चर्चमधून बाहेर पडल्या त्या पदरात पाय लपवत, घाईघाईने. पुरुष मात्र तिथेच उभे राहिले. पंचाची जागा सगळ्यांनाच हवी होती.

पहिला नंबर लावला योहान मास्तरांनी. ते प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि त्या कोटावर त्यांचाही डोळा होता. त्यांनी विचार केला, नुसते पाय कोणीही धुवेल, आपण आधी अहंकार उतरवू. म्हणून त्यांनी मिशा काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाजी आणायला निघाले तर गल्लीतले लोक एकेक करून गंभीर चेहऱ्याने जवळ येऊ लागले. “कवा गेलं?” “आजारी हुतं काय?” मास्तरांचे वडील गावी धडधाकट होते, पण बाप गेल्याशिवाय कोण शहाणा माणूस मिशा काढतो? मास्तर समजावून सांगू लागले की ही नम्रता आहे. लोक म्हणाले, “धक्का बसलाय बिचाऱ्याला.” संध्याकाळपर्यंत कुणीतरी पिठलं-भाकरीसुद्धा पाठवली, आणि शेवटी मास्तरांनी ती खाल्ली.

पाय त्यांनी धुतले ते घराबाहेरच्या कट्ट्यावर, भर सकाळी, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको. मास्तरीणबाई डोक्यावरून पदर ओढून, लाजेने थरथरत खुर्चीवर बसलेल्या. मास्तर खाली बसून पायांवर पाणी ओततायत. तेवढ्यात रस्त्याने चाललेल्या एका माळणीने पाटी खाली ठेवली, हात जोडले आणि मास्तरीणबाईंपुढे नारळ ठेवून विचारलं, “आई, माज्या लेकीला औंदा तरी पोर हुईल काय गं?” तिला वाटलं, बाईंच्या अंगात आलंय. मास्तरीणबाई घाबरून म्हणाल्या, “हुईल, हुईल, जा तू.” मास्तर त्या माळणीला देव एकच आहे वगैरे सांगू लागले, पण ती समाधानाने निघून गेली होती. नारळाचं काय झालं ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे त्याच्या वड्या आल्या होत्या.

तरी मास्तरांचं काम झालं होतं, हे खरं. आप्पांचं व्हायचं होतं.

आप्पांना वाटत होतं यात काय अवघड आहे. शनिवारी कारखान्यातून आले, हातपाय धुतले, मिशा पुसल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन परात उचलली. आई चुलीपुढे तांबड्या रश्श्याचं वाटण परतत होती. मी लसूण सोलत बसले होते.

“रिबेका, बस हितं. पाय पुढं कर.”

“कशाला?”

“धुतो.”

“कुणाचं?”

“तुझं.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग परातीकडे पाहिलं. “ठेवा ती. पिठाची हाय.”

आप्पांनी परात ठेवली, घमेलं आणलं. “आता कर.”

“मला न्हाय धुऊन घ्यायचं. येड लागलंय काय तुम्हास्नी? नवऱ्याच्या हातानं पाय धुऊन घेतो व्हय मी? कुटं फेडू हे पाप?”

“अगं, पाळकसाहेबांनी सांगितलंय.”

“मग त्यांचं धुवा.”

आप्पांनी घमेलं आणखी पुढे सरकवलं. पैलवान माणूस, एक डाव चालला नाही तर दुसरा. त्यांचा आवाज चढला. “हे बघ, मी नवरा हाय तुझा! मला नम्र व्हायचं हाय, आणि ते आत्ताच्या आत्ता व्हायचं हाय! मुकाट्यानं पाय पुढं कर!”

तालमीतले लोक भिंतीवरून डोकावले. सोनाआत्या दारातून म्हणाली, “बाई गं, आज पाय धुतोय, उद्या हिला मिशा फुटतील.” आईने शांतपणे रश्श्यात पाणी घातलं. तिचे पाय नऊवारीच्या काठाखाली नाहीसे झाले होते.

त्यानंतर आमच्या घरात पाठशिवणीचा खेळ सुरू झाला. आई भाकरी थापायला बसली की पाय मांडीखाली घ्यायची. झोपताना पायावर घोंगडं, तेही टोकं खाली दाबून. आप्पा कधी गोडीने बोलायचे, कधी गरजायचे. एकदा त्यांनी तिच्यासाठी गुलाबी वासाचा साबण आणला. तिने तो कपाटात साड्यांमध्ये ठेवला. शेवटी आप्पांनी पाळकसाहेबांनाच घरी आणलं. पाळकसाहेबांनी आईला समजावलं की शिष्यांमधला पेत्रसुद्धा आधी नको-नकोच म्हणाला होता.

“मग शाणा हुता की,” आई म्हणाली. “बरं साहेब, तुमी धुतलं काय तुमच्या मंडळींचं?”

पाळकसाहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला. “त्या सध्या माहेरी आहेत.”

“कवापास्नं?”

“त्या प्रवचनापासून,” ते खालच्या आवाजात म्हणाले. मला त्या क्षणी ते पहिल्यांदा आवडले.

महिनाअखेर जवळ आली तसे आप्पा बेचैन झाले. कोट दोनदा झटकला गेला. आणि एका संध्याकाळी, आई पाण्याची कळशी कमरेवर घेऊन मागच्या दारातून आत येत असताना, त्यांचा धीर सुटला. उभ्या आयुष्यात समोरच्याचा पाय हाती घ्यायचा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता. ते खाली बसले, पुढे झेपावले आणि एक पाय ओढून त्यांनी आईचा एकेरी पट काढला.

डाव अगदी स्वच्छ बसला. असा पट तालमीत काढला असता तर टाळ्या पडल्या असत्या. कळशी आप्पांच्या डोक्यावर उपडी झाली, आई एका पायावर गिरकी घेऊन उंबऱ्यावर बसली आणि तिचा डावा पाय खाली मुडपला. “आई आई गं!” तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सोनाआत्या धावत आली, ती आधी आप्पांना म्हणाली, “चीत केलास?” आणि मग आईचा पाय बघून गप्प झाली. घोटा बघता बघता सुजून लिंबाएवढा झाला, मग मोसंब्याएवढा.

आप्पांच्या डोक्यावरून पाणी गळत होतं आणि ते तसेच उभे होते. अख्ख्या कोल्हापूरच्या तालमींत त्यांनी माणसं उचलून आपटली होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर असली भीती मी कधी पाहिली नाही. मग ते खाली बसले, आईचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांनी घोटा चाचपला. या कामात मात्र त्यांना शिकवायला कुणी नको होतं. तालमीत मुरगळलेले पाय तेच बसवायचे. “हाड शाबूत हाय,” ते म्हणाले. “मुरगळलाय. बांधतो. पाय खाली टेकायचा न्हाई.”

आई वेदनेने इतकी बेजार होती की पाय कुणाच्या मांडीवर आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस आमचं घर आप्पांनी चालवलं. सोनाआत्याला डोळ्यांनी धड दिसत नसे आणि मला आईने चुलीजवळ फारसं जाऊ दिलं नव्हतं. आप्पा पहाटे उठायचे, तालमीऐवजी बंब पेटवायचे. पाणी भरायचे. मग भाकरी. त्यांची भाकरी म्हणजे हौद्यातल्या मातीत लोळवल्यासारखी, दोन्ही हातांनी दाबलेली, कडेला जाड आणि मधे कच्ची. आई बाजल्यावरून सूचना द्यायची. “अवो, हळू. ती काय तुमच्याशी कुस्ती खेळंना.” कांदा-लसणाची चटणी ते अशा ताकदीने कुटायचे की शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. आणि ही सगळी कामं करताना त्यांच्या तोंडी दुसरं काही नाही, चर्चमधलंच एखादं गीत, पण तालमीच्या ठेक्यात.

सकाळ-संध्याकाळ पाय शेकायचा. घमेल्यात कोमट पाणी, त्यात मीठ. आप्पा खाली बसायचे, आईचा पाय पाण्यात धरायचे आणि तळव्यावरून अंगठा फिरवायचे, तालमीत मालीश करतात तसा, पण फार हळू. मग टॉवेलने टिपून आंबेहळदीचा लेप. एकदा मी म्हटलं, “आप्पा, मुरगळलाय तो डावा. उजवा कशाला घेतलाय?” ते म्हणाले, “एकाला ऊन पाणी मिळालं की दुसरा रुसतोय.” आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. पाय मात्र तिने मागे घेतला नाही.

तिचे पाय मी तोपर्यंत नीट पाहिलेच नव्हते. चपलांच्या गावात राहून ती सगळा जन्म अनवाणी चालली होती. टाचांना भेगा होत्या, त्यांत राखेचा, शेणाचा काळा रंग कायमचा बसलेला. अंगठ्याचं नख कधीतरी कळशी पडून वाकडं झालेलं. आप्पा त्या भेगांमध्ये खोबरेल तेल भरायचे, लेथवर एखादा बारीक भाग बसवताना धरायचे तसा श्वास धरून. एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं, “हे नख कवा झालं?” आई म्हणाली, “एस्तू पोटात हुती तवा.” एस्तू म्हणजे मी. मी चौदा वर्षांची होते. आप्पांनी त्या नखावरून तेलाचं बोट फिरवलं. मला तेव्हा रडू का आलं ते कळलं नाही, आज कळतं आणि अजून येतं.

पुढे मी जन्मभर नर्सचं काम केलं. किती पुरुषांचे पाय धुतले असतील, गणती नाही. त्याबद्दल मला कुणी पंच केलं नाही हे इथे नोंदवून ठेवते.

महिनाअखेरचा रविवार आला. आप्पांनी कोट घातला. दंडात जरा घट्ट होत होता, तरी छान दिसत होता. आईला अजून नीट चालता येत नव्हतं, पण ती म्हणाली, “मी येतो,” आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन आली. चर्चमध्ये सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. बाकीच्यांनी माघार घेतली होती, उरले होते दोघेच. पाळकसाहेबांनी आधी योहान मास्तरांना विचारलं. मास्तर उभे राहिले. मिशा पुन्हा थोड्या उगवल्या होत्या, त्यामुळे ओठावर काहीतरी सांडल्यासारखं दिसत होतं. “धुतले,” ते म्हणाले. “सर्वांसमक्ष.” मग पाळकसाहेब आप्पांकडे वळले.

“शमुवेलराव, आपण पत्नीचे पाय धुतलेत का?”

मला वाटलं, झालं, आता ताट आमच्या घरी. मी आईचा हात दाबला.

आप्पा उभे राहिले. कोटाच्या खिशाशी चाळा करत म्हणाले, “न्हाई साहेब.”

“नाही?”

“तिनं धुऊ दिलं न्हाईत. मी पट काढला, पाय मुरगळला. मग शेकला. माझ्यामुळं मोडलं ते मी नीट केलं. ती भरपाई झाली, ते काय धुणं न्हवं. खोटं कसं बोलू देवाच्या घरात?” आणि ते खाली बसले.

इतक्या वर्षांची इच्छा, तो कोट, ते छातीचं माप, सगळं त्यांनी अशा एका दमात खाली ठेवलं. पुरुषांच्या बाजूला कुजबुज झाली. आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर जोर पडला. आई उभी राहत होती.

आमच्या चर्चमध्ये बाई उपासनेत उभी राहून कधी बोलली नव्हती. गीत गायचं, डोळे मिटायचे, एवढंच. आई भिंतीला धरून उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, “ते खोटं बोलतायत.”

“रिबेकाबाई...”

“मी सांगतो साहेब. मुरगळला एक हुता. धुतलं दोन्ही. रोज.”

मग तिला एकदम आपण कुठे उभ्या आहोत याचं भान आलं असावं. ती धप्पकन खाली बसली आणि तिने पदरात तोंड लपवलं. आप्पांनी मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं, जे उपासनेत कुणी करत नसे.

पंच आणि पाळकसाहेब मागच्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. पाळकसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी सांगितलं की शमुवेलरावांनी पाय धुतले आहेत याबद्दल कुणाला शंका नाही. परंतु शास्त्रात म्हटलं आहे की मंडळी सांभाळणाऱ्याचा आधी स्वतःच्या घरावर ताबा असावा. ज्याची पत्नी भर उपासनेत उभी राहून त्याला खोटारडा म्हणते, त्याच्याविषयी तसं म्हणता येईल असं पंचांना वाटत नाही. सबब योहान मास्तर.

पाळकसाहेबांना स्वतःला हे पटलं नव्हतं, ते त्यांच्या आवाजावरून समजत होतं. पण पंच जुने होते आणि ते नवे. आप्पांनी मान हलवली. मास्तरांनी ताट घेतलं. ते आप्पांच्या ओळीपाशी आले तेव्हा ताट कलंडू लागलं, आणि आप्पांनी खालून हलकेच बोट लावून ते सावरलं.

उपासना सुटली. एरवी पुरुष पुढे जात आणि बायका बऱ्याच मागे. त्या दिवशी आई लंगडत होती, म्हणून आप्पा थांबले, आणि तिच्या चालीने चालू लागले. आईचा चेहरा इतका उतरला होता की माझ्याने बघवत नव्हतं. आपण त्यांचं ताट घालवलं, हे तिला चर्चच्या दारातच कळून चुकलं होतं. घरी जायला तालमीवरूनच जावं लागे. कट्ट्यावर बाबू वस्ताद आणि दहा-बारा पोरं अंगाला तेल चोळत बसलेली. आप्पा इतके दिवस तालमीत फिरकले नव्हते आणि गल्लीत बातमी तर केव्हाच पसरली होती.

“काय शामूदा,” एक दांडगा पोरगा ओरडला, “कोट लई झकास हाय की! वैनीचं पाय धुतोय म्हणं?”

सगळी पोरं हसली. मी आप्पांकडे पाहिलं. आत्तापर्यंत या माणसाने कोल्हापुरात मान कमावला तो याच कट्ट्यावर. चर्चमध्ये ‘धुतले’ म्हणण्यात त्यांचा फायदा होता, तिथे ते नाही म्हणाले होते. इथे ‘नाही’ म्हटलं की सुटका होती. आई थांबली. तिने माझा खांदा घट्ट धरला.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, “व्हय. धुतलं. दोन्ही.”

पोरांचं हसू अर्ध्यावर थांबलं. सगळे वस्तादांकडे बघू लागले. बाबू वस्ताद हातातलं तेल मांडीला पुसत आप्पांना न्याहाळत राहिले, नवीन डाव बघावा तसे.

“पाणी कसं?” त्यांनी विचारलं. “गार का ऊन?”

“कोमट. हाताला सोसंल इतपत. मीठ टाकून.”

वस्तादांनी मान डोलावली. “उद्यापास्नं येत जा तालमीत,” ते म्हणाले. आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी आईने बाजल्यावर बसून पांढऱ्या रश्श्याचं वाटण केलं, आप्पांनी भाकरी थापल्या, आणि त्या अजूनही वाईटच होत्या. कोट पुन्हा खुंटीवर गेला. तो पुढे मी नर्सिंगला गेले तेव्हा आईने उसवून माझ्या मापाचा करून दिला.

पण त्याआधीची एक संध्याकाळ सांगायची राहिली. आठवडा गेला असेल. पाय मुरगळल्यानंतर आई पहिल्यांदाच चुलीपाशी बसली होती, आप्पा शेजारी पाटावर, मी लसूण सोलत. तालमीपलीकडे वस्तादांचं घर होतं. तिकडून एकदम भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग वस्तादांच्या बायकोची किंकाळी. “सोडा! सोडा म्हणतो न्हवं! मेलं, पाय सोडा माझा!”

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिने आप्पांकडे बघितलं. मग पदर तोंडाशी नेऊन ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“जावा की जरा,” ती म्हणाली. “वस्तादास्नी सांगून या, पट काढू नका म्हणावं. खाली बसायचं, आणि वाट बघायची.”

आप्पा उठले, पायात चपला घातल्या आणि सांगायला गेले.